उभ्या नकाशात नसलेलं घर

मला नगरपालिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन आठ महिने झाले, आणि माझ्यावरची चौकशी अजून चालू आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे फराळाला आलेल्या पाव्हण्यांनी हा अंक चाळताना "ह्याच का हो त्या?" असं एकमेकांच्या कानाशी लागून विचारायला नको. होय, त्याच ह्या. लाज वाटावी असं काम मी नोकरीत एकदा केलं, तेही पुढे येणार आहे. पण चौकशी त्या कामाची नाहीच. ते निस्तरलं म्हणून चौकशी चाललीय.

नगरपालिका कोणती ते लिहीत नाही, परभणी जिल्ह्यातली आहे एवढं पुरे. मी मूळची राणीसावरगावची. नोकरी लागली तेव्हा 'अनुरेखक' म्हणजे काय हे नातेवाइकांना सांगून सांगून माझी जीभ दुखली. शेवटी आईने "आमची पोरगी नकाशे गिरवती" असं सांगायला सुरुवात केली, आणि ते अगदी बरोबर होतं. मूळ नकाशावर निळसर मेणकापडासारखं कापड अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, आणि खालची रेघ शाईने वर उतरवायची. तेवढा वेळ श्वास धरायचा. रेघ चुकली तर ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडून काढायची आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची शाई फुटते. माझ्या काळात आमच्या कचेरीत हे काम करणारी मी एकटीच बाई होते. टेबलावर वाकलेली बाई बघायला लोक खिडकीशी थांबायचे. काही दिवसांनी कंटाळून जायला लागले.

नकाशा काढायचा तर आधी जागेवर जाऊन मोजायला लागतं. मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला हुसेनभाई असायचे. पद शिपायाचं, पण टेप धरण्यात त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. टेप ढिली सोडणार नाहीत, दगडावर टेकवणार नाहीत, आणि आकडा मी वाचल्यावर तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणणार. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून गाव मोजलं. गावातल्या कुठल्या गल्लीत कुत्रं चावतं आणि कुठल्या घरात चहा मिळतो, हे आमच्याइतकं नगराध्यक्षालाही ठाऊक नसेल.

नोकरीचं शेवटचं एक वर्ष राहिलं असताना उभा नकाशा आला. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, त्रिमितीय अमुक तमुक प्रणाली. गावाने त्याला उभा नकाशा म्हटलं, कारण त्यात घरं उभी दिसायची. चैत्रात एका कंपनीची माणसं ड्रोन घेऊन आली, चार दिवस गावावरून घिरट्या घातल्या आणि गेली. श्रावणात नकाशा इंटरनेटवर दिसायला लागला. कुणीही मोबाईलवर उघडावा. माऊसने गाव भोवऱ्यासारखं फिरवता येतं, वरून बघा, बाजूने बघा. घरावर बोट ठेवलं की चौकट उघडते: घर क्रमांक, उंची, मजले, वापर. झाडं हिरव्या गोळ्यांसारखी दिसतात. पहिले पंधरा दिवस अख्खं गाव आपापलं घर शोधत होतं आणि आमच्या कचेरीत आरशासमोर लागते तशी गर्दी होती.

गंमत अशी, की ड्रोनला घर कळत नाही, त्याला उंची कळते. जमिनीपासून इतकं वर काही असलं की तो म्हणणार एक मजला, आणखी वर असलं की दोन. आमच्याकडे चैत्रात स्लॅबवर काय असतं? कडबा. ज्वारी निघाली की कडब्याची गंज स्लॅबवर चढते, खाली ढोरं तोंड घालतात म्हणून. तेव्हा उभ्या नकाशात अर्ध्या गावाला एकेक मजला फुकट मिळाला.

एक दिवस पुण्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ सकाळच्या गाडीने उतरून थेट माझ्या टेबलाशी आले. वडिलोपार्जित घर दोघा भावांचं, आणि नकाशात त्याच्यावर मजला चढलेला. "भावाने मला विचारलंसुद्धा नाही, मॅडम. मला हे इंटरनेटवर कळावं?" त्यांच्या मागोमाग धाकटा भाऊ आला, तो शेतातून तसाच आलेला. कचेरीत दोघांचा असा आवाज चढला की जन्ममृत्यू नोंदीच्या खिडकीवरची माणसंही इकडे वळली. मी आणि हुसेनभाई दोघांना घेऊन घरावर चढलो. गंज होती, तिच्यावर ताडपत्री होती, ताडपत्रीवर टायर होते. धाकटा म्हणाला, "ह्यो बघ मपला मजला! आता म्हशीला इचार, कुणाच्या नावावर हाय." थोरल्याने ताडपत्री उचलून खात्री केली आणि मग आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात दोघं एका मोटारसायकलवर पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेल्याचं कळलं.

दुसरे एक जण याच्या उलट. मुलाची सोयरीक जमत होती. हळूच म्हणाले, "मॅडम, आमचं घर तेवढं उंच करा. सेलूचे पाव्हणे मोबाईलवर घर बघायलेत."

"घर आहे तेवढंच दिसणार," मी म्हटलं.

"मग कडबा चढवू का?"

तोवर कडब्याची कीर्ती गावभर झालेली होती. आता ड्रोन परत येणार नाही म्हटल्यावर बिचारे खट्टू झाले. लग्न मात्र झालं. पाव्हण्यांनी म्हणे प्रत्यक्ष येऊन घर बघितलं, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट होती.

खोटं कशाला बोलू, मला उभा नकाशा आवडला होता. आयुष्यभर ज्या गल्ल्या मी रेघांनी काढल्या, त्या एकदम उठून उभ्या राहिल्या होत्या. मी रिकाम्या वेळात तो नुसता फिरवत बसायची. आणि इथेच माझा पाय घसरला.

नकाशा पक्का करायच्या आधी प्रत्येक प्रभागाची पडताळणी करायची होती. प्रभागाचा कागद निघायचा, त्याच्या तळाशी छापलेलं असायचं: प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलं, नकाशा बरोबर आहे. त्याखाली माझी सही. बाकीच्या प्रभागांत मी हिंडले. नाल्याकाठच्या वस्तीची पाळी आली ती गणपतीत. वरून पाऊस, वस्तीत घोट्याएवढा चिखल, आणि याद्या लगेच वर पाठवायच्या म्हणून सकाळपासून तीनदा फोन आलेला. हुसेनभाई टेप खांद्याला लावून दारात उभे होते. पडद्यावर वस्ती कशी लख्ख दिसत होती. घरं, हातपंप, बुद्धविहार, मध्ये एक मोठा हिरवा गोळा, त्याच्यापुढे लिहिलेलं 'मोकळी जागा, वृक्ष'. मी म्हटलं, "राहू द्या हुसेनभाई, इथूनच दिसतंय सगळं." ते "जी" म्हणाले आणि टेप खिळ्याला अडकवली. मी सही केली.

मार्गशीर्षात धुरपताबाई आली.

धुरपताबाई माझ्याच वयाची. नाल्याकाठच्या त्या बौद्ध वस्तीत सून म्हणून आली, नवरा गेल्यावर तिथेच राहिली, आणि लोकांच्या जुन्या लुगड्याधोतरांच्या वाकळा शिवून देते. वस्ती पालिकेच्या जागेवर तीन पिढ्यांपासून आहे, पण जागा तुमची आहे असा कागद कुणाजवळ नव्हता. आता सरकार तो कागद, म्हणजे पट्टा, देणार होतं. अट एकच: उभ्या नकाशात घर दिसलं पाहिजे. दिसलं तर क्रमांक, क्रमांक असला तर पट्टा. अर्ज घ्यायच्या खिडकीवरच्या कारकुनाने तिला तुमचं घरच नाही म्हणून परत पाठवलं होतं. तिथून ती विचारत विचारत माझ्यापर्यंत आली.

"बाई, मपलं घर उडालं म्हंतेत," ती म्हणाली.

तिने पिशवीतून लाइट बिल काढलं, मतदानाचं कार्ड काढलं, रेशनकार्ड काढलं. मी म्हटलं, बसा, बघू. नकाशा उघडून पडदा तिच्याकडे वळवला. तिने एकदाच नजर फिरवली. हातपंप ओळखला, शेजारणीचं घर ओळखलं, आणि हिरव्या गोळ्यावर बोट ठेवलं.

"हे मपलं लिंबाचं झाड. घर ह्याच्याखाली हाय."

"नकाशात झाडाखाली काही दिसत नाही, बाई."

"मग जरा वाकून बघा की. तुमची मशीन वाकत न्हाई का?"

तोवर मी चौकट उघडली होती. मोकळी जागा. नियोजित वापर, पाण्याची टाकी. पडताळणी करणाराचं नाव, माझं. ती वाचू शकत नव्हती असं नाही, पण तिचं लक्ष झाडाकडे होतं. मीच वाचून दाखवलं. म्हटलं, "ही सही माझी आहे. मी न बघता केली."

ती म्हणाली, "आता बघा मग. चला."

त्या दिवशी हुसेनभाईंनी खिळ्यावरची टेप काढली तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आम्ही गेलो. कडुलिंब एवढा पसरला होता की खालचे पत्रे उन्हाला सापडतच नव्हते. भिंती विटांच्या, बाहेर छोटा ओटा, ओट्यावर अर्धी शिवलेली वाकळ. आत बुद्धाची मूर्ती, चूल, पेटी, जागच्या जागी सगळं. मोजलं: लांबी सोळा फूट दोन इंच, रुंदी दहा फूट तीन इंच. हुसेनभाईंनी आकडे पुन्हा म्हटले. मग वर फांद्यांकडे बघत म्हणाले, "मॅडम, ये झाड तो अपने सामने का है."

खरंच होतं. कचेरीत आल्याबरोबर मी जुनं कपाट उघडलं. तळाशी गुंडाळलेलं कापड सापडलं, नोकरीला लागल्या लागल्या मी उतरवलेला नाल्याकाठचा नकाशा. त्यात धुरपताबाईचं घर होतं, काळ्या शाईत, चारही रेघा सरळ. आणि त्याच्या दाराशी बारीक गोल होता. नियमाप्रमाणे अनुरेखकाने रोपटी काढायची नसतात. पण त्या दिवशी मला त्या घरी पाणी मिळालं होतं, दाराशी कमरेएवढं लिंबाचं रोप होतं, आणि मी तरुण होते. मी तो गोल काढून ठेवला होता. तीस वर्षांत तो गोल एवढा वाढला की त्याने घर झाकलं, आणि ज्या हाताने घर काढलं त्याच हाताने मी ते नाही म्हणून सही केली. ती सही ब्लेडने खरवडता येण्यासारखी नव्हती.

मी सीओ साहेबांकडे गेले. सीओ म्हणजे पालिकेचे मुख्याधिकारी. तरुण होते, बाहेरगावचे होते, आणि माणूस वाईट नव्हता हे मला मुद्दाम लिहायचंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, झाड छाटायला सांगा. मी कंपनीला विनंती करतो, ते परत ड्रोन उडवतील. तिचंच भलं आहे."

मी म्हटलं, फाल्गुनात आठवडाभर लिंब उघडा पडतो, सगळी पानं गळतात, तेव्हा उडवा, छाटायला नको. त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून विचारणा झाली की फाल्गुन म्हणजे नेमकी कोणती तारीख. ते काही जमेना. तेव्हा मी छाटणीचा निरोप घेऊन पुन्हा वस्तीत गेले. धुरपताबाई झाडाखाली बसून दोरा ओवत होती.

"हे झाड आमी न्हाई लावलं, बाई. कावळ्यानं लावलं. तोडायचं तर त्याला इचारा," ती म्हणाली. मग सुई थांबवून म्हणाली, "वैशाखात पत्र्याखाली बसून बघितलं का कवा? झाड तोडलं की घर दिसल. पण मग त्या घरात ऱ्हायचं कुणी?"

वैशाखातली परभणी ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढे समजावायला नको.

उरला एक मार्ग. पडताळणी करणाराला त्या नकाशात हाताने घर काढता यायचं. सोय होती, पण ती कुणी वापरत नव्हतं, कारण तसं केलं की नोंद लाल होते आणि वर कुठेतरी कळतं की आकाशातून दिसलेलं आणि जमिनीवरून लिहिलेलं जुळत नाही. त्याला 'विसंगती' म्हणतात. मी साहेबांना सांगितलं, मी घर काढणार आहे आणि सोबत लेखी देणार आहे की माझी पहिली सही खोटी होती.

साहेबांनी डोळे चोळले. "मॅडम, तीन महिने राहिले तुमचे. तुमची पेन्शनची कागदपत्रं माझ्याच टेबलावर आहेत. आणि एक सांगू? हा नकाशा आणलाच यासाठी, की आधी माणसं मोजायची तेव्हा नसलेली घरं लिहायची आणि असलेली गाळायची. माणूस खोटं बोलतो. ड्रोन बोलत नाही."

"खरंय साहेब," मी म्हटलं, "इथे खोटं मीच बोलले. म्हणून तर लेखी देते म्हणते."

"मी परवानगी देणार नाही."

"तुमची परवानगी नकोय. लॉगिन माझं आहे."

असं मी आयुष्यात कुठल्याही साहेबाशी बोलले नव्हते. केबिनच्या बाहेर आले ती थेट जाऊन माझ्या खुर्चीत बसले. नकाशा उघडला, गाव बाजूने फिरवलं, खाली खाली आणलं, इतकं की नजर फांद्यांच्या खालून गेली. उघड्या जमिनीवर चार कोपरे टिपले. उंची भरली. घर करड्या खोक्यासारखं उभं राहिलं आणि त्याच्याभोवती लाल रेघ आली. मला ते लाल बघून बरं वाटलं. मग कागद घेतला आणि लिहिलं: नाल्याकाठच्या वस्तीच्या पडताळणीवरील माझी सही जागेवर न जाता केलेली आहे, ती खोटी समजावी. तीन प्रती काढल्या, आवक खिडकीवर देऊन पोच घेतली.

पट्ट्यांच्या यादीची सुनावणी पौषात झाली, पालिकेच्या सभागृहात, उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर. त्या एक बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. वस्तीतली सगळी माणसं अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून आली होती. नावं वाचली जात होती, लोक पुढे येत होते. धुरपताबाईचं नाव आलं तेव्हा साहेबांनी सांगितलं की ही नोंद विसंगत आहे, ड्रोनला इथे घर दिसलेलं नाही.

अधिकारी बाईंनी मला विचारलं, "मग खरं कोण? नकाशा की तुम्ही?"

मी टेबलावर जुनं कापड अंथरलं. चारी कोपऱ्यांवर त्यांचेच पेपरवेट ठेवले. शेजारी माझी परवाची मोजणी ठेवली. अधिकारी बाई दोन्हींवर वाकल्या. म्हणाल्या, "हे दोन्ही तुमच्याच हातचं आहे. आणि तुमची सही खोटी असल्याचं तुम्हीच लिहून दिलंय. मी कशावर विश्वास ठेवू?"

खोटी सही एकदा केली की पुढची खरीही तशीच दिसते, हे मला तिथे उभं राहून कळलं.

मागून धुरपताबाईचा आवाज आला. "बाईसाहेब, मला इचारा की. घर मपलं हाय."

"किती मोठं आहे तुमचं घर?"

"अकरा हात लांब, सात हात रुंद."

"कुणाच्या हाताने?"

"मपल्या. दुसऱ्याच्या हातानं कामून मोजू? रोज सारवते की मी."

सभागृहात हसू उठलं. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला पुढे बोलावलं. धुरपताबाईने बाही वर सारून हात टेबलावर आडवा ठेवला, माझ्या जुन्या नकाशाच्या शेजारी. हुसेनभाईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण टेप त्यांच्या खिशात होती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांनी ती ताणून धरली आणि आकडा नेहमीसारखा पुन्हा म्हटला: साडेसतरा इंच, वर एक चिमूट. अधिकारी बाईंनी स्वतः गुणाकार केला. अकरा हातांचे सोळा फूट दोन इंच आले, सात हातांचे दहा फूट तीन इंच. त्यांनी माझ्या मोजणीच्या कागदाकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"घर आहे," त्या म्हणाल्या. "नाव घ्या यादीत."

पाण्याची टाकी जुन्या जकात नाक्याच्या ओसाड जागेवर गेली. तिथे ती पहिल्यापासूनच बांधता आली असती.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली ती त्याच आठवड्यात. गमतीची गोष्ट ऐका. खोट्या सहीबद्दल तिच्यात एक अक्षर नव्हतं. नोटीस होती, 'प्रणालीत वरिष्ठांच्या संमतीशिवाय फेरबदल केल्याबद्दल'. खुर्चीवर बसून न बघता केलेली सही चालली, चिखल तुडवून केलेली दुरुस्ती चालली नाही. मी सहीबद्दलही विचारा म्हणून उलट पत्र दिलं. त्याला उत्तर आलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेब चार शब्द बरे बोलले. संध्याकाळी माझं लॉगिन बंद झालं. घरी जाताना मी नाल्यावरून गेले. फाल्गुन लागला होता आणि लिंबाची सगळी पानं गळून पडली होती. काड्यांमधून पत्रे कुणालाही, कुठूनही दिसले असते. वर आकाशात एक घार तेवढी होती.

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. कार्यालयाकडून पत्र आलं. भाषा गोड आहे. या एका लाल नोंदीमुळे गावाचा नकाशा विसंगतीमुक्त जाहीर करता येत नाही, तरी आपण सदर नोंद लेखी मागे घेतल्यास आपल्यावरील चौकशी बंद करण्याचा विचार करता येईल. याचा अर्थ मला चांगला कळतो. नोंद गेली की क्रमांक जातो, क्रमांक गेला की धुरपताबाईच्या पेटीत ठेवलेला पट्टा म्हणजे नुसता कागद. चौकशीपायी अडकलेली माझी पेन्शन मात्र सुटेल.

मी पत्र घेऊन तिच्याकडे गेले. ओट्यावर वाकळ पसरलेली होती, तिने ती सरकवून मला जागा केली. मी पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं नुकसान हुतंय का ह्याच्यात?" मी म्हटलं, होतंय थोडं. तिने सुई वाकळीत टोचून ठेवली. मग म्हणाली, "दाखवा बरं, कसं काढलंय तुमी मपलं घर."

मी मोबाईलवर उभा नकाशा उघडला आणि गाव फिरवत फिरवत फांद्यांच्या खाली आणलं. करडं खोकं दिसलं, लाल रेघेतलं. तिने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पर दार कुठाय?"

नकाशात कुणाच्याच घराला दार नाही, तशी सोयच नाही, असं मी सांगितलं.

"दाराबिगर घर कसलं? माणसं आत जातेत कुठून?"

हुसेनभाईंना फोन करून बोलावलं. आम्ही दोघांनी दार मोजलं. तिच्याकडे कागद मागितला, तिने नातीच्या वहीतलं पान फाडून दिलं. मी कार्यालयाला उत्तर लिहिलं, ते जसंच्या तसं देते:

"आपलं पत्र मिळालं. सदर नोंद मागे घेता येत नाही, कारण त्या घरात माणसं राहतात. मात्र नोंदीत माझ्याकडून एक चूक राहिली आहे. घराला दार दाखवलेलं नाही. दार पूर्वेला आहे, उंची साडेपाच फूट, रुंदी अडीच फूट, आणि ते दिवसा उघडं असतं. तेवढी दुरुस्ती व्हावी, ही विनंती."

खाली सही केली. ही सही मी धुरपताबाईच्या ओट्यावर बसून केली आहे, आणि तसं सहीच्या शेजारी लिहिलंही आहे.